घरच्यांना पित्त वाटलं

माझी बायको कशानं गेली यावर आमच्या गल्लीत मतभेद आहेत. बायकांच्या मते नवरात्राच्या उपासानं. पुरुषांच्या मते रेल्वेच्या गेटनं, कारण ऐन वेळी गेट पडलेलं होतं. देवळाच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांच्या मते तिचं तेवढंच होतं, त्याला कोण काय करणार! मी तोंड उघडलं की सगळे दयेनं बघतात आणि म्हणतात, "आप्पा, च्या घ्या." चहा पिऊन पिऊन माझी आतडी करपायची वेळ आली. मला चहा नको होता. एक माणूस दवाखान्यात एका डॉक्टरसमोर एक वाक्य बोलला होता, ते त्यानं माघारी घ्यावं एवढंच मला पाहिजे होतं. पण हे कुणाला सांगायचं? घरात ऐकणारी एकच होती आणि तीच गेलेली.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे, मागावरचे. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम आणि मागच्या खोलीत संसार. माग मी चालवायचो, बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत कांड्यांवर भरायचं काम तिचं. समोरच्या घरातली आक्का दुपारी आपलं काम आटोपून तिच्या सोबतीला येऊन बसायची. माग सुरू असताना शेजारच्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, पण या दोघी त्या खडखडाटात कशा काय बोलायच्या देव जाणे. ओठांवरनं ओळखायच्या बहुतेक. मधेच खुदुखुदु हसायच्या. माझ्यावरच हसत असणार, दुसरं कोण होतं तिथं!

आक्काचा मुलगा ॲम्ब्युलन्सवर कामाला. गाडी चालवणारा नव्हे, मागं पेशंटजवळ बसतो तो. बीपी बघायचं, ऑक्सिजन लावायचा, सुई टोचायची, दवाखाना येईपर्यंत माणसाचा जीव धरून ठेवायचा, हे त्याचं काम. त्याचं रीतसर शिक्षण घेतलेला, पोरगा हुशार, आणि तोंडानं गोड. गल्ली त्याला डॉक्टर म्हणायची. आधी चेष्टेनं म्हणायची, मग चेष्टा कधी संपली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याही आलं नसावं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सरकारी काम निघालं की आम्ही ऑफिसात जात नाही, आधी 'आपला माणूस' शोधतो. लाईट गेली तर आपला लाईनमन, रेशनला आपला क्लार्क, मोजणीला आपला सर्व्हेअर. पाट्या एका भाषेत, घरचं बोलणं दुसऱ्या भाषेत, साहेब तिसऱ्याच मुलखातला. अशा गावात आतमधे आपला एक माणूस असला की जीव भांड्यात पडतो. तसा ॲम्ब्युलन्समधेही आमचा माणूस. सरकारी गाडीचा नंबर शेंबड्या पोराला पाठ आहे, पण आमच्या गल्लीत घराघरात कॅलेंडरवर लिहिलेला असायचा तो डॉक्टरचा मोबाईल. काहीही होवो, त्याला फोन लावायचा. तो गोळी सांगायचा, नाहीतर गाडीची व्यवस्था करायचा, नाहीतर दवाखान्यात ओळख काढून द्यायचा. दहादा त्याचं बरोबर आलं होतं. मग अकराव्या वेळी कोण विचारतो?

नवरात्र चालू होतं. तिचे नऊ दिवसांचे उपास, दरवर्षीचे. त्या दिवशी सकाळी उठल्यापासून म्हणत होती, छातीत जळजळतंय, जबडा ओढल्यासारखा वाटतोय. मी माग बंद केला. ती म्हणाली, "चालू द्या की, साडी अर्धी ऱ्हायली." मी म्हणालो, "खड्ड्यात गेली साडी." माग थांबला तशी आक्का समोरनं आली, आणि मी स्पीकर लावून डॉक्टरला फोन केला.

तो त्या वेळी ड्यूटीवर, नंदगडच्या बाजूला. मी सांगितलं ते त्यानं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "आप्पा, उपासाचं पित्त हाय ते. थंड दूध द्या आणि डाव्या कुशीवर निजवा. काय घाबरू नका." गोड आवाज. मी दूध दिलं. ती प्याली आणि ओकली. घाम सुटला होता, पंखा चालू असून पोलकं भिजलेलं. मी परत फोन केला. म्हणालो, "मी सरकारी नंबरला फोन करतो."

"नका करू," तो म्हणाला. "ती लोकं कुठं न्हेऊन टाकतील सांगता येत न्हाय. मी गाडी घिऊन निघतोय. काकूला मीच न्हेतो. चांगल्या ठिकाणी ओळख हाय माझी."

मला रडू यायचं बाकी होतं. एवढ्या लांबनं आपल्यासाठी पोरगं गाडी घेऊन निघालंय! तिला सांगितलं, तर तिनं एवढ्या दुखण्यातसुद्धा मान हलवली. आक्का तिचे तळवे चोळत बसली. आम्ही तिघंही त्याची वाट बघत बसलो.

नंदगडाहून वडगाव म्हणजे काही शेजारची आळी नव्हे. तो आला तेव्हा तिच्या ओठांचा रंग बदलला होता. तिला बघताक्षणी त्याचा चेहरा उतरला, ते मी बघितलं. मग मात्र त्यानं भराभर सगळं केलं. स्ट्रेचर, मास्क, गोळी, सुई. मी गाडीत तिच्या कडेला, तिचा हात धरून बसलो.

गल्ली संपून गाडी मोठ्या रस्त्याला लागते, तिथं सरकारी दवाखाना आहे छोटासा. त्याच्या फाटकाशी झाडाखाली दुसरी ॲम्ब्युलन्स उभी. तशीच पांढरी, तसलाच दिवा. दार उघडं, आणि ड्रायव्हर पायरीवर बसून शेंगा फोडून खातोय. आमच्या घरापासून चालत गेलं तरी बिडी संपायच्या आत पोचावं एवढ्यावर. सकाळपासून तिथंच असणार, कारण त्याच्या पायाशी टरफलांचा ढीग पडला होता. मी खिडकीतनं बघत होतो. वळून डॉक्टरकडं बघितलं तर तोही त्याच खिडकीतनं बघत होता. त्यानं नजर काढून घेतली आणि मास्क नीट करायला लागला. मास्क नीटच होता.

पुढं टिळकवाडीत गेट पडलेलं. मालगाडी होती, संपता संपेना. तिथंच कधीतरी तिनं माझ्याकडं बघायचं थांबवलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, खरा डॉक्टर. त्यानं तपासलं, मान हलवली, आणि जरा चिडूनच विचारलं, "सकाळपासून त्रास होता तर इतका वेळ काय करत होता?"

मी तोंड उघडायच्या आत आमचा डॉक्टर बोलला, "उपास होता, सर. घरच्यांना पित्त वाटलं."

घरच्यांना! मी तिथं उभा होतो, एका हातात तिच्या चपला. वाक्य कानात गेलं पण डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागला. पोचलं तेव्हा तिला घरी घेऊन जायची गडबड सुरू झाली होती आणि तो माझ्या खांद्यावर हात ठेवून रडत होता. खोटं रडत नव्हता. तेच तर अवघड आहे.

पुढचे महिने कसे काढले ते विचारू नका. एक माग विकला, दुसरा चालवायचो. पण कांड्या भरून मिळायच्या बाहेरनं, आणि साडी पुरी झाली की "बघ गं काठ कसा आलाय" म्हणायला कुणी नाही. माग बंद केला की घरात जी शांतता व्हायची ती मला सोसायची नाही. मग मी भांडी आपटायचो. मुलगी हुबळीला, संसारात. रविवारी फोन करायची आणि "जेवलासा का?" विचारायची. जेवायचो, कारण आक्का दोन्ही वेळचा डबा पाठवायची. कधी स्वतः यायची, डबा ठेवायची, कांड्यांच्या रिकाम्या टोपलीकडं बघून डोळ्याला पदर लावायची आणि जायची. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे तेवढीच.

आणि तिच्या लेकाचं काय? तो गल्लीत सांगायचा, आणि लोक परत परत विचारायचे, की कसा तो नंदगडाहून सुसाट आला, कसा काकूनं शेवटपर्यंत त्याचा हात धरून ठेवला. हात तिनं माझा धरला होता. पण जाऊ दे. मला बघितलं की तो उठून उभा राहायचा, वाकून नमस्कार करायचा. मी मनात म्हणायचो, आज विचारतो लेकाला, कुणाला वाटलं पित्त? आणि त्याच वेळी डोळ्यापुढं आक्काचा डबा यायचा. विचारलं तर तो डबा बंद होणार, आणि डब्याबरोबर आक्का. हे गणित काही सुटायचं नाही. तिच्या हातची भाकरी खायची आणि तिच्या लेकावर दात खायचे, असं चाललेलं. रोज स्वतःचीच लाज वाटायची, तरी भूक लागायचीच.

वैशाखातली शिवजयंती जवळ आली. आमच्याकडं तिची धामधूम काही सांगायला नको; मंडळाचे लोक चित्ररथाच्या तयारीत. एक दिवस अध्यक्ष आणि दोघंतिघं घरी आले. मांडीवर मांडी घालून बसले, घसा खाकरला. म्हणाले, मंडळातर्फे डॉक्टरचा सत्कार करायचा ठरलाय. शाल, फेटा, नारळ. आपल्या काकूसाठी त्यानं जी धाव घेतली त्याबद्दल.

"आणि नारळ तुमच्या हातनं द्यायचा, आप्पा. लई शोभंल."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. म्हणालो, "आणा नारळ. त्याच्या टाळक्यातच घालतो."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. एकजण हसला. मग मी सगळं बोललो. थंड दूध, "सरकारी नंबरला फोन नका करू", झाडाखालची गाडी, शेंगांची टरफलं आणि ते वाक्य. एका दमात. बोलता बोलता उभा राहिलो होतो. माझा आवाज मागावर काम करणाऱ्याचा, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

अध्यक्षानं दार लोटून घेतलं. हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, त्याची नोकरी कच्ची हाय. कंत्राटावरची. त्यानं नेमून दिलेला पॉइंट सोडून गाडी हिकडं आणली, हे वर कळलं तर काढूनच टाकतील. आपला माणूस हाय न्हवं?"

"आणि बाहेरचा असता तर?"

"बाहेरचा असता तर..." तो थांबला. पण माणूस प्रामाणिक, बोललाच. "बाहेरचा असता तर आपण मोर्चाच काढला असता की."

"मग काढा की! व्हा पुढं. मी झेंडा धरतो."

सगळे उठले. जाताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, "दुःखानं डोस्कं फिरलंय." मला ऐकू जावं असंच म्हणाला.

त्या संध्याकाळी डबा आला. आक्का स्वतः घेऊन आली, पण खाली ठेवला नाही. उंबऱ्यातच उभी राहिली. "माझ्या लेकानं मारलं म्हणालासा म्हणं."

मी म्हणालो, "आक्का, तुमी बसला हुतासा तितं. तळवं चोळत. पित्त कोण म्हणालं सांगा."

तिला माहीत होतं. तिच्यासमोरच मी फोनवर बोललो होतो, स्पीकर लावून. एवढे महिने तिलाही माहीत होतं आणि ती रोज भाकरी थापत होती, हे मला त्या क्षणी कळलं. ती वळली आणि गल्लीत उभं राहून तिनं लेकाला हाक मारली.

तो नुकताच ड्यूटीवरनं आलेला, अंगात गाडीवरचाच शर्ट. आत आला. मी बस म्हणालो नाही. म्हणालो, "दवाखान्यात त्या डॉक्टरला तू काय सांगितलंस?"

"आप्पा, मी तर धावत आलो. माझा पॉइंट सोडून आलो. नोकरी घालवून आलो असतो मी काकूसाठी..."

"ते न्हाय विचारलं. काय सांगितलंस?"

"त्या येळंला सुचंल ते बोललो."

"कुणाला वाटलं पित्त?"

तो आईकडं बघायला लागला. आईनं डबा छातीशी धरलेला. तिनं म्हटलं, "बोल की. काय इचारत्यात?" आवाज न चढवता म्हणाली, पण तसा आवाज मी तिचा आधी ऐकला नव्हता.

"मला वाटलं," तो म्हणाला. "पित्त मी म्हणालो. आणि दुसरी गाडी नको, ते पण मीच. तिकडं गाडी उभी असती हे मला म्हाइत हुतं, आप्पा. मला वाटलं, काकूचं मी करावं. आपल्या गल्लीनं म्हणावं, ह्यानं केलं." मग तो भिंतीला टेकून खाली बसला. "गाडीत चढवतानाच मला कळलं हुतं. शिकवलंय आमाला. बाईमाणसाचं असंच असतंय, जळजळ, जबडा, घाम. परीक्षेत लिवलंय मी ते."

झालं. माझं वाक्य मला मिळालं. मला वाटलं होतं छातीवरचा दगड उतरेल, ढसाढसा रडू येईल, असं काहीतरी. काही नाही. हलकं-बिलकं डोंबलाचं काही वाटलं नाही. इतके महिने मी सकाळी उठायचो ते त्याच्यावर चरफडत आणि निजायचोही तसाच. आता तेही करायला उरलं नाही. म्हणालो, "मला सांगून भागायचं न्हाय. तुझ्या सायबाला सांग."

"काढतील मला."

"काढू देत. उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात तू असाच पित्त म्हणशील."

त्यानं सांगितलं. कबूल करायला पाहिजे, पोरगं गेलं आणि स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून आलं. चौकशी झाली, मला बोलावलं, मी होतं ते बोललो, ना कमी ना जास्त. त्याला काढलं नाही. काही दिवस गाडीवरनं उतरवलं, पुन्हा ट्रेनिंगला बसवलं आणि मग निपाणीकडं पाठवलं, पार महाराष्ट्राच्या हद्दीवर. आक्का त्याच्याबरोबर गेली. जाताना मला भेटायला आली नाही. समोरच्या दाराला कुलूप लागलं, आणि गल्लीनं ते कुलूप माझ्या नावावर टाकलं. सत्कार झालाच नाही. त्या वर्षीचा चित्ररथ माझ्या दारावरनं गेला तेव्हा ढोल वाजवणारी पोरं दरवर्षी दारात क्षणभर थांबायची, ती थांबली नाहीत. टपरीवर मी गेलो की बाकड्यावरची माणसं एकेक करून उठायची. आता कुणी च्या घ्या म्हणायचं नाही. मी भाकरी थापायला शिकलो. कडा फाटतात, पण पोटात गेल्यावर कडा कोण बघतो!

एक मात्र झालं. कॅलेंडरं बदलली तसा त्याचा नंबर कुणी परत लिहिला नाही. मधे कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याला झटका आला तेव्हा गल्लीनं सरळ सरकारी नंबर लावला, आणि झाडाखालची गाडी आली. मी दारातनं बघत होतो. कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

पुढच्या वर्षीचा पावसाळा संपता संपता एका दुपारी मोबाईल वाजला. मी माग बंद केला. त्याचा आवाज कळला, पण तो आता तसा गोड राहिला नव्हता. जरा घाईत, जरा घोगरा.

"आप्पा, जेवलासा?"

"जेवलो. बोल."

तो सांगायला लागला. तिकडं एक बाई, तंबाखूच्या वखारीत काम करणारी. सकाळपासून मळमळ, घाम, जबडा धरून बसलेली. घरचे म्हणाले, तंबाखू चढलीय, हुईल बरं. तिकडं हा रोजचाच प्रकार, तंबाखूत हात घालणाऱ्या बायकांना असं होतंच. तो म्हणाला, मी काही ऐकलं नाही. पट्टी काढली हृदयाची, फोनवरनं खऱ्या डॉक्टरला दाखवली. त्याची गाडी तिला बेळगावला आणणार, नियमानं आपल्या राज्यात. कोल्हापूर त्याच्या निम्म्या अंतरावर, पण पलीकडच्या राज्यात. हद्दीपलीकडं त्यांची गाडी उभी होती. त्यानं वरिष्ठांना विचारलं, भांडला, आणि नाक्यावर तिला त्या गाडीत चढवून दिलं. दुसऱ्याच्या गाडीत.

"वाचली, आप्पा. आज घरी सोडलं तिला."

"बरं झालं," मी म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो. त्या बाईच्या नवऱ्याचा चेहरा डोळ्यापुढं आला, ओळख ना पाळख. मग काय झालं कळलं नाही, तोंडातनं निघून गेलं, "आमची पण वाचली असती रं."

मला वाटलं तो म्हणेल, तसं मनात आणू नका. किंवा म्हणेल, देवाची इच्छा. इतके दिवस सगळी गल्ली तेच म्हणत आली होती.

"व्हय," तो म्हणाला. "वाचली असती."

फोन कुणीच ठेवला नाही. त्याच्या बाजूला कुणीतरी त्याला हाका मारत होतं, गाडी सुरू झाल्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "जा, बोलावत्यात तुला."

"जातो," तो म्हणाला. तरी ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.